ग्लिचटिप, आठ महिन्यांनंतर: माझा सगळा जीव त्या सहा आकडी नंबरात

काल सकाळी साडेसहाला फोन आला. शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव होते. "सायेब, अडकलंय बघा. नंबर लिवून घ्या... चार, आठ, दोन, नऊ, एक, तीन." मागं कॅन आपटल्याचा आवाज, संकलनाची रांग लागलेली. मी अंथरुणातच लॅपटॉप उघडला आणि आमच्या दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या एरर टिपून ठेवणाऱ्या ग्लिचटिप या टूलच्या शोधपट्टीत संदर्भ टॅगसमोर 482913 टाकलं. एकच एरर निघाली, डेसिमलची इनव्हॅलिड ऑपरेशन, म्हणजे आकडा हवा तिथं आकडाच नव्हता. स्टॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोड कुठं अडकला त्याच्या नोंदीत, त्या जागेची लोकल व्हेरिएबल्स दिसत होती: फॅट 4.1, एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) जागी रिकामी स्ट्रिंग. फॅट मशीननं एसएनएफ पाठवलाच नव्हता आणि आमच्या कोडनं तो न तपासता डेसिमलला दिला होता. "एसएनएफ हातानं टाका, पुढं जाईल," म्हटलं. दोन मिनिटांत रांग सुरू.

आठ महिन्यांपूर्वी याच तक्रारीला माझा अर्धा दिवस गेला असता, म्हणून हे लिहितोय.

आधी एरर टिपायला पैसे देऊन घेतलेली एक परदेशी सेवा होती. नाव घेत नाही. बिल डॉलरमध्ये, वर कार्डाचे चार्जेस, पण त्याची तक्रार नाही. तक्रार कोट्याची, म्हणजे महिन्याला किती एरर घेणार त्या मर्यादेची. एका रात्री आमचा दरपत्रक आयात करणारा जॉब फेल झाला आणि रीट्रायला मर्यादा घालायची मी विसरलो होतो. तो रात्रभर तीच एरर पाठवत राहिला. चूक माझीच. पण चार तारखेला सकाळी महिन्याचा कोटा संपला आणि पुढच्या सगळ्या एरर त्या सेवेनं सरळ टाकून दिल्या. अकरा तारखेला दहा दिवसांची बिलं निघतात, त्या दिवशी खरा घोटाळा झाला आणि आमच्याकडं त्याची एक ओळ नव्हती. सपोर्टला लिहिलं, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: मोठा प्लॅन घ्या. ज्या दिवशी गरज त्याच दिवशी गप्प बसणाऱ्या वस्तूला मी पैसे का द्यायचे?

ग्लिचटिप मुक्तस्रोत आहे आणि सेंट्री या अशाच दुसऱ्या टूलचे एसडीके (आपल्या कोडमध्ये बसवायचा, एरर पाठवणारा भाग) त्याला चालतात. डीएसएन (एरर कुठं पाठवायची तो पत्ता) बदलला, डिप्लॉय केलं, झालं. सेंट्री स्वतः सर्व्हरवर टाकायचा विचारही केला होता, पण त्याला लागणारं काफ्का, क्लिकहाउस हे सगळं सांभाळायला मी एकटा माणूस. ग्लिचटिपचं पोस्टग्रेस डेटाबेसवर भागतं.

आता त्या नंबराविषयी, कारण माझ्या लेखी बाकी सगळ्यापेक्षा तोच मोठा. प्रत्येक एररला टूल स्वतःचा आयडी देतं, 32 अक्षरी हेक्स. सुरुवातीला त्यातली पहिली आठ अक्षरं एररच्या पानावर दाखवली. फोनवर "बी का डी?" यातच वेळ जायचा आणि समोरचा माणूस ओशाळायचा. कामात अडकलेल्या माणसाला वर आपण ओशाळवायचं, हे मला सहन झालं नाही. म्हणून एक छोटं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेत चालणारा कोड) लिहिलं: रिक्वेस्ट आली की सहा आकडी नंबर काढायचा, तो टॅग म्हणून लावायचा, लॉगमध्येही तोच. आकडे मराठी माणूस झोपेतही बरोबर सांगतो. दोन एररना एकच नंबर पडू शकतो, पण वेळ बघितली की कळतं कुठली कोणाची.

एक अडचण आली. आमचं सॉफ्टवेअर ज्या जँगो फ्रेमवर्कवर आहे, त्याचा मूळ 500 चा (एररचं पान दाखवणारा) व्ह्यू टेम्प्लेटला काहीच पाठवत नाही, त्यामुळं पानावर नंबराची जागा कोरी. स्वतःचा हँडलर लिहावा लागला. त्यात डेटाबेसला हात लावायचा नाही, कारण कदाचित डेटाबेसच पडलेला असतो. पानावर आता तीनच ओळी आहेत: तुमची चूक नाही, हा नंबर, हा फोन.

तीन महिन्यांनी मत बदलायची वेळ आली. तोवर मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की डॅशबोर्ड कोरा म्हणजे सगळं ठीक. मग एका एकवीस तारखेला चार संस्थांचे फोन आले, पान येत नाही, 502 (मागचं अ‍ॅप उत्तर देत नाही). ग्लिचटिपवर शून्य एरर! बिलांची एक्सेल फाइल बनवताना मेमरी भरली आणि कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमनं, काम करणारा वर्करच मारून टाकला होता. मेलेली प्रोसेस एरर कळवणार कशी? अ‍ॅप चालवणाऱ्या गनिकॉर्नच्या लॉगमध्ये मात्र सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीनं मारल्याची खूण) आणि पुढं 'मेमरी संपली असेल का?' असा प्रश्न स्वच्छ लिहिलेला होता. त्यात पैसे वाचवायला मी ग्लिचटिपही त्याच सर्व्हरवर ठेवलं होतं, तेही धापा टाकत होतं. तेव्हापासून ते वेगळ्या छोट्या मशीनवर आहे आणि त्याच्यातलाच अपटाइम मॉनिटर दर मिनिटाला आमचं लॉगिन पान उघडून बघतो. एकाच सर्व्हरवर सगळं ठेवायची काटकसर करू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ज्या लोकल व्हेरिएबल्सनी काल मला वाचवलं, त्यांतच एकदा सभासदांचे बँक खाते क्रमांक दिसले. एसडीके पासवर्ड, टोकन अशी नावं असलेली व्हेरिएबल्स आपोआप झाकतो, पण आपलं खाते_क्रमांक त्याला काय कळणार! स्क्रबरच्या (झाकायच्या नावांच्या) यादीत खाते, आधार, मोबाइल ही आमची सगळी नावं घातली आणि जुन्या एरर पुसल्या. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायलाच हवं होतं. त्या माणसांनी आपले नंबर दुधाच्या पैशासाठी दिलेत, माझ्या डीबगिंगसाठी नाही.

एक काम अजून राहिलंय. 502 चं पान अ‍ॅपच्या पुढं उभा असलेला वेब सर्व्हर, एनजिनएक्स, देतो, तिथं माझं मिडलवेअर पोचतच नाही, त्यामुळं नुसता फोन नंबर आहे. एनजिनएक्सचा स्वतःचा रिक्वेस्ट आयडी दाखवता येईल, पण तोही 32 अक्षरी हेक्स. रांग खोळंबलेली असताना सचिवांना मी तो वाचायला लावणार नाही.