चौकोनी पेट बरणी, दहा महिन्यांनंतर: फळीवर उजवी, पण पोट आणि कोपरे सांभाळा

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. चिवडा, शेव, शंकरपाळ्यांना चौकोनी बरणी घ्या. लोणच्याला घेऊ नका. श्रीखंडाचा प्रकारच वेगळा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

वापरलेली बरणी अशी: पारदर्शक पेट (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), एक लिटर, तळ ८८ बाय ८८ मिमी, झाकणासकट उंची १५० मिमी, तोंड ८३ मिमी, झाकण पीपीचं, म्हणजे पॉलीप्रॉपिलीनचं. चिवडा हलका असल्यामुळे लिटरच्या बरणीत २०० ग्रॅमच्या आसपास मावतो. शेवेचं वजन त्याच मापात बरंच जास्त भरतं, म्हणून शेवेला हीच बरणी घेऊन २०० ग्रॅम भरले तर ती अर्धी रिकामी दिसते. माप ठरवताना पुरवठादाराच्या तक्त्यावर विसंबू नका. आपला माल काठोकाठ भरा, बरणी तीनदा ओट्यावर आपटा, पुन्हा भरा आणि मग वजन करा. दिवाळीच्या आधीपासून श्रावणापर्यंत आमचा हा माल इंदूरमध्ये रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातल्या किराणा दुकानांत होता. काही खोकी उज्जैन-देवासला गेली, काही मुंबईला.

चौकोनाचा फायदा साध्या भागाकाराचा आहे. दुकानातली फळी बहुतेक ९०० मिमी लांब आणि ३०० मिमी खोल असते. तेवढाच माल मावणारी गोल बरणी ९८ मिमी व्यासाची होते, म्हणजे पुढच्या रांगेत नऊ. चौकोनी दहा बसतात. मागे तीन-तीन धरल्या तर २७ विरुद्ध ३०. तीन बरण्या जास्त मावल्या याचं दुकानदाराला फार कौतुक नसतं. त्याला आवडतं ते हे, की चौकोनी बरणीचं तोंड फिरत नाही. गोल बरणी गिऱ्हाइकाने उचलून परत ठेवली की नाव भिंतीकडे आणि घटकपदार्थांची बारीक यादी समोर, हे रोजचंच. दिवसातून चार वेळा बरण्या सरळ करत बसणारा दुकानदार आजवर कुणी पाहिलेला नाही.

मात्र बरणी कुठल्या फळीवर जाणार हे आपल्या हातात नसतं, आणि बहुतेकांचं डिझाइन इथेच चुकतं. संगणकाच्या पडद्यावर बरणी नेहमी डोळ्यासमोर, सरळ उभी दिसते. दुकानात नवा माल गुडघ्याच्या उंचीवर जातो आणि तिथे वरून दिसतं ते फक्त झाकण. कोरं मरून रंगाचं झाकण म्हणजे तिथे मालाला नावच नाही. झाकणावर ६० मिमीचा गोल स्टिकर, त्यावर फक्त पदार्थाचं नाव ठळक अक्षरात, एवढ्याने काम होतं. लोगोला तिथे जागा देऊ नका. वरून बघणारा ‘काय आहे’ हे शोधत असतो, ‘कुणाचं आहे’ हे नंतर. सगळ्यात वरच्या फळीवर नेमकं उलटं होतं: तिथे बरणीचा खालचा भाग आधी दिसतो आणि खांद्याजवळ छापलेलं नाव झाकणाच्या सावलीत जातं. म्हणून समोरच्या लेबलावर नाव मध्याच्या किंचित खाली असावं.

आता मुख्य तक्रार. चौकोनी बरणीचं पोट आत जातं. पहिल्या महिन्यात आम्ही हा दोष पातळ प्लास्टिकवर ढकलला आणि ३४ ग्रॅमऐवजी ४२ ग्रॅमची बरणी घेतली. थोडा फरक पडला, दोष गेला नाही. कारण प्लास्टिकमध्ये नव्हतं, हवेत होतं. चिवड्याने भरलेल्या लिटरच्या बरणीत अंदाजे ८०० मिली नुसती हवा असते. माल ६० अंशांवर भरून सील केला आणि तो ३० अंशांवर आला, की ही हवा नऊ टक्के आकसते. ७० मिलीच्या वर, म्हणजे जवळजवळ अर्धी वाटी हवा कमी. इंडक्शन सील, म्हणजे तोंडावर उष्णतेने चिकटवलेलं फॉइल, पक्कं असेल तर बाहेरची हवा आत येत नाही, मग भिंतच आत येते. गोल बरणीचा बाक हा दाब चारी बाजूंनी वाटून घेतो. चौकोनाची सपाट भिंत सरळ वाकते आणि तिच्यावरचं लेबल सुरकुततं.

उपाय पहिला, माल ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय भरायचा नाही. हाताला कोमट लागला तरी थांबायचं. गरम मालाची वाफ झाकणाखाली थेंब होऊन खाली पडते आणि वरचा थर सादळतो, तेही यात टळतं. शिवाय पेट ७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे कढईतून थेट बरणीत ही कल्पना डोक्यातून काढून टाका.

तरीही मुंबईला गेलेल्या बरण्या खपाटीला जायच्या, आणि त्याच दिवशी भरलेल्या इथल्या ठीक. त्याचं कारण भूगोलात सापडलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. इथे हवाबंद केलेली बरणी घाट उतरून खाली गेली की बाहेरचा दाब वाढतो आणि भिंतीला दाबतो, आणखी ५० मिलीच्या आसपास. यावर थंड करून भरणं पुरत नाही, साचाच बदलावा लागतो. आम्हाला शेवटी पटलेली रचना अशी: समोरची आणि मागची भिंत मिलीमीटरभर बाहेर फुगलेली, भोवती उठावाची चौकट, म्हणजे ती ताठ राहते, डावी-उजवी भिंत गुळगुळीत, किंचित आत बाकलेली आणि लेबलाविना. आकसायचं असेल ते या दोन भिंतींनी आकसावं. फळीवर त्या शेजारच्या बरणीला टेकलेल्या असतात, कुणाला दिसत नाहीत. साच्याचा खर्च परवडत नसेल तर तयार साच्यांत अशी बरणी शोधा, मिळते. निदान चारी बाजूंना गुंडाळणारं लेबल तरी टाळा.

कोपऱ्यांचं सांगायचं तर ब्लो मोल्डिंगमध्ये, म्हणजे हवेने फुगवून बरणी घडवताना, प्रीफॉर्म (सुरुवातीची जाड नळी) सगळ्यात जास्त ताणला जातो तो कोपऱ्यांत, म्हणून प्लास्टिक तिथेच सर्वांत पातळ. धारदार कोपरा चित्रात देखणा दिसतो, पण खोक्यात आपटला की पांढरा पडतो नाहीतर तडकतो. कोपऱ्याची गोलाई १२ मिमीपेक्षा कमी असलेली बरणी घेऊ नका. तळाच्या कोपऱ्यांवर बोट दाबून बघा. टिचकन आत जात असेल तर तो लॉट परत.

पारदर्शक बरणीचा सगळा डौल माल दिसण्यात, आणि माल नेहमी छान दिसत नाही. देवासपर्यंतच्या एका फेरीतही पोह्यांचा भुगा, शेंगदाण्याची सालं आणि मसाला तळाशी जमतो. वर खुसखुशीत चिवडा आणि खाली दोन बोटं पिवळी माती, असं दृश्य. लेबलाच्या खालच्या कडेला २५ मिमीची गडद रंगाची भरीव पट्टी घेतली की हा थर झाकला जातो. कुणाला ही लबाडी वाटेल. वजनात तो भुगा धरलेलाच आहे आणि झाकण उघडल्यावर तो दिसतोच, तेव्हा आमच्या लेखी नाही. वरच्या रिकाम्या जागेचं मात्र झाकून चालत नाही. भरताना बरणी हलवून माल बसवला नाही तर प्रवासात तोच बसतो आणि खांद्याखाली तीन बोटं पोकळी दिसते. गिऱ्हाईक ती फसवणूक समजतं, आणि त्याचं चुकतं असं म्हणवत नाही.

उजेडाचा त्रास उशिरा लक्षात आला. चिवड्याचा पिवळा रंग हळदीचा, आणि हळद उजेडाला टिकत नाही. रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात पुढच्या रांगेतल्या बरण्या पाच-सहा आठवड्यांत एका बाजूने फिकट झाल्या; फिरवून पाहिलं तर मागची बाजू तशीच पिवळीधमक. रंग गेला की चवही लांब नसते, कारण तोच उजेड तळणीच्या तेलाला खवट करतो. त्यामुळे भिंतभर पारदर्शक ठेवायचा मोह सोडला. समोर माल दिसायला एक खिडकी, रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि पाठीमागचं लेबल पूर्ण अपारदर्शक. ते पांढरं लेबल मागून पडद्यासारखं काम करतं आणि समोरून माल उजळ दिसतो, हा अनपेक्षित फायदा.

शेवेचा डाग वेगळा. मे महिन्यात दुकान तापलं की शेवेतलं तेल आतल्या भिंतीला लागतं आणि काच धुरकटल्यासारखी दिसते. बाहेरून कितीही पुसा, जात नाही. तळल्यावर शेव जाळीवर पुरती निथळू देणं हाच इलाज, आणि खाली टिपायला कोरा कागद. छापील वर्तमानपत्र नको. बाहेरच्या धुळीचं म्हणाल तर कोरड्या फडक्याने पेट पुसलं की स्थिर वीज तयार होते आणि धूळ आणखी चिकटते. ओलसर फडकं वापरायला सांगा. दुकानदार ऐकतात असं नाही.

लेबल कागदी नको, प्लास्टिक फिल्मचं घ्या, आणि बरणीच्या सपाट भागापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन मिमी लहान. कड गोलाईवर गेली की आठवड्यात उचलते. लेबलासाठी भिंतीत अर्धा मिमी खोलगट जागा असेल तर खोक्यात घासून छपाई जात नाही. तारीख आणि बॅच नंबरसाठी ४० बाय १५ मिमीचा पांढरा चौकोन लॅमिनेशनशिवाय ठेवा. चकचकीत फिल्मवर मारलेली तारीख तेलकट बोटाने पुसली जाते, आणि तारीख नसलेली बरणी म्हणजे तपासणीत कटकट. निव्वळ वजन, एमआरपी आणि प्रतिग्रॅम दर एकाच ठिकाणी घ्या. १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका खिडकीवर छापू नका, पिवळ्या चिवड्यावर हिरवा ठिपका हरवतो. बारकोडचंही तेच: पांढऱ्या पट्टीवर काळ्या रेघा. लाल रेघा सुंदर दिसतात, पण स्कॅनरचा उजेडच लाल असल्याने त्याला त्या दिसतच नाहीत. ईएएन-१३ (मालावरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड) चा आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, लहान केला तरी मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली नको.

लोणचं. दोन महिन्यांत ते चौकोनी बरणीतून काढलं. तेल झाकणाच्या आट्यांतून वर चढतं, खांद्यावरून खाली ओघळतं आणि कोपऱ्यात साचून लेबल भिजवतं. सील लावताना काठावर तेलाचा थेंब जरी असला तरी फॉइल तिथे धरत नाही. लोणच्याला गोल बरणी, ६३ मिमीचं तोंड, भरताना नरसाळं, आणि सीलआधी प्रत्येक काठ कोरड्या कापडाने पुसणं. सील झाल्यावर झाकण सैल पडतं, कारण उष्णतेने झाकणातली वॅड (आतली चकती) दबते. थंड झालं की पुन्हा आवळायचं. हे पाऊल गाळलं तर दोष बरणीला देऊ नका. पांढरं झाकणही नको, हळदीचा डाग पीपीवरून जात नाही.

जिरावन हा मसाला तर इंदूरकरांच्या पोह्यांवर हवाच, म्हणून १०० ग्रॅमच्या छिद्रांच्या झाकणाच्या बाटलीत भरून पाहिलं. बारीक पूड स्थिर विजेने भिंतीला चिकटते आणि बाटली उघडण्याआधीच वापरलेली वाटते. शिवाय मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या दमट हवेत पाणी ओढतं, मग श्रावणात छिद्रं बुजतात. भिंतभर छापील स्लीव्ह (बाटलीवर चढवायचं वेष्टन) आणि छिद्रांखाली सील, तरच.

श्रीखंडाला पेट नाहीच. फ्रीजमधून बाहेर काढलं की डब्यावर दव धरतं आणि चिकटवलेलं लेबल सरकतं. साच्यातच लेबल बसवलेला पीपीचा डबा घ्या, ज्याला आयएमएल म्हणतात. आम्रखंड फ्रीझरमध्ये जाणार असेल तर साधं पीपी थंडीत ठिसूळ होतं, झाकणाच्या कडा तुटतात. कोपॉलिमर (थंडी सोसणारं पीपी) मागा. ते दुधी दिसतं, पण श्रीखंड बाहेरून दिसावं असं त्यात काय असतं?

पुढचा लॉट घेताना आम्ही करतो ती तपासणी: खोक्यातून कुठल्याही दहा बरण्या, मालाने भरून, एक मीटरवरून कोपऱ्यावर पाडायच्या. आणखी पाच पाण्याने भरून झाकण आवळून रात्रभर कागदावर उलट्या. पाच रिकाम्या एकावर एक रचायच्या. झाकणावरची कड तीन मिमी उंच नसेल तर चौथ्यालाच मनोरा कलतो. झाकणं बरण्यांपेक्षा पाचेक टक्के जास्त मागवा, फुटतात ती तीच, आणि सुटी झाकणं नंतर त्याच रंगाची मिळत नाहीत.