स्वस्तातला पिक्सहॉक क्लोन घ्यावा का? क्लोन आणि ब्रँडेड दोन्ही वापरून सांगतोय

२.४.८ नावाने जो पिक्सहॉक (ड्रोन किंवा आरसी विमान उडवणारा कंट्रोलर बोर्ड) सगळीकडे स्वस्तात मिळतो तो क्लोन आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली नक्कल, आणि डिझाइनच ओपन असल्यामुळे तो बनवणं बेकायदा नाही, हे आधी सांगतो. उडतो का? उडतो. पण माझ्या बोर्डावर जुन्या रिव्हिजनची एसटीएम३२एफ४२७ प्रोसेसर चिप निघाली, तिच्यात २ एमबी फ्लॅश मेमरीपैकी १ एमबीच नीट वापरता येते, त्यामुळे आर्डूपायलट या ओपन सोर्स उड्डाण सॉफ्टवेअरचं कापलेलं फर्मवेअर (बोर्डात भरायचा प्रोग्रॅम) टाकावं लागतं आणि बरीच फीचर्स गायब. सेलरला विचारलं तर दोन ओळींचं उत्तर आलं, 'चेक युवर वायरिंग', मग गप्पच. कनेक्टरही ते जुने डीएफ१३, जीपीएसची केबल काढताना जीव मुठीत धरावा लागतो, जरा जोर लागला की वायर पिनमधून निघून हातात.

नंतर होलिब्रो कंपनीचा पिक्सहॉक ६सी घेतला. महाग आहे, खिशाला चांगलाच चटका बसतो. पण दोन आयएमयू (हालचाल मोजणारे सेन्सर), एच७४३ प्रोसेसर, जेएसटी-जीएच कनेक्टर, पिनआउट (कोणती पिन कशाची) सगळं व्यवस्थित छापलेलं, आणि मुख्य म्हणजे ही कंपनी आर्डूपायलटची पार्टनर आहे, म्हणजे आपल्या पैशातला थोडा वाटा ज्यांच्या कोडवर हे सगळं उडतं त्यांच्यापर्यंत पोचतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

फोमच्या विमानावर शिकायचंय तर क्लोन चालेल. खाली महागडा कॅमेरा लटकवणार असाल तर अजिबात नको. आणि एपीएम २.८ हा जुना कंट्रोलर बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका राव, त्याचं आर्डूपायलटचं कॉप्टर फर्मवेअर ३.२.१ आवृत्तीवरच थांबलंय.