उन्हाळी इंटर्नशिप: कापूस संस्था की नीरी?

यवतमाळ जिल्ह्यातील बी.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीसमोर नागपुरातील दोन संस्थांचा पर्याय आहे: केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि 1958 साली स्थापन झालेली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था.

खर्चाचा फरक फारसा नाही. खोलीभाडे व मेस दोन्हीकडे लागणारच, आणि मानधन मिळेल की उलट शुल्क भरावे लागेल, हे आधी लेखी विचारावे.

खरा फरक कामाच्या स्वरूपात आहे. कापसाकडे गुलाबी बोंडअळीसारखा प्रश्न थेट आपल्या शेताशी जोडलेला असतो. मात्र कोरडवाहू पीक मे महिन्यात शेतात उभे नसल्याने उन्हाळ्यात बव्हंशी प्रयोगशाळेतले कामच वाट्याला येते, आणि हे अर्ज करताना कोणी सांगत नाही. नीरीत पाणी व हवेच्या नमुन्यांचे विश्लेषण बाराही महिने चालू शकते, त्यामुळे अल्प मुदतीतही उपकरण हाताळणे व नोंदी ठेवणे शिकता येते. तिच्याच जिल्ह्यातील काही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड असल्याने तो विषयही परका नाही.

वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करून पीकसंशोधन किंवा बियाणे उद्योगात जायचे असेल, तर कापूस संस्था, शक्यतो ऑक्टोबरनंतर, निवडावी. रसायनशास्त्र घेऊन सीएसआयआर-नेट या संशोधनवृत्ती व प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेकडे किंवा पाणीतपासणीच्या नोकरीकडे वळायचे असेल, तर नीरी अधिक उपयोगी ठरेल.