काटे आणि आकडे एकाच घड्याळात: कॅसिओ एडब्ल्यू-८० की जीए-२१००?

काटे-आकडे एकत्र असलेल्या घड्याळावरचे दोन आक्षेप रास्त आहेत. सेकंद बघायला जावं तर मिनिटकाटा नेमका आकड्यांवर आडवा येतो. शिवाय काटे एक वेळ दाखवतात आणि पडदा दुसरी.

२०१९ साली आलेलं जीए-२१०० पहिल्या आक्षेपाला चोख उत्तर देतं: बटणांनी काटे आकड्यांवरून बाजूला सरकवता येतात. एडब्ल्यू-८० मध्ये ही सोय नाही. तिथे काटा पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं.

दुसऱ्या आक्षेपाचं कारण बहुधा जोराचा धक्का किंवा चुंबक असतो. फोनच्या चुंबकी कव्हरशेजारी घड्याळ ठेवू नये. जीए-२१०० मधले काटे चुकले, तर वरचं डावं बटण किमान ५ सेकंद दाबून धरा. काटे बरोब्बर बारावर आले नाहीत, तर उजव्या बटणांनी तिथे आणा. नुसती वेळ पुन्हा लावून हा फरक जात नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

बॅटरीत मात्र एडब्ल्यू-८० सरळ पुढे आहे. सीआर२०२५ चा एक सेल सुमारे १० वर्षं चालतो. जीए-२१०० ला एसआर७२६डब्ल्यू चे दोन सेल लागतात आणि ते सुमारे ३ वर्षांत संपतात. म्हणजे मागचं झाकण जास्त वेळा उघडणार, आणि पाणी शिरण्याची सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते. रबरी रिंग मुडपली किंवा तिच्यावर केस, धूळ राहिली, की पहिल्याच पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते. सेल बदलताना रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायला सांगा.

पाण्यासाठी एडब्ल्यू-८० ५० मीटरचं, जीए-२१०० २०० मीटरचं. पोहायला पहिलंही पुरतं. पाण्याखाली बटणं मात्र दाबू नयेत. एडब्ल्यू-८० ची काच प्लास्टिकची आहे. चरे लवकर पडतात, पण घासून बरेचसे जातात. जीए-२१०० ची खनिज काच सहज चरत नाही, पण खोल चरा पडला तर काचच बदलावी लागते.

जीए-२१०० ची जाडी ११.८ मिलिमीटर, वजन ५१ ग्रॅम. जी-शॉक या कॅसिओच्या धक्के सोसणाऱ्या घड्याळांतलं हे एक, आणि त्यांच्या मानाने खरंच सडपातळ आहे, शर्टाच्या बाहीत अडकत नाही.

निम्म्याहून कमी पैशांत रोजच्या वापराला काहीतरी हवं असेल तर एडब्ल्यू-८० घ्या. हात सतत कुठे ना कुठे आपटणारं काम असेल तर जीए-२१००. फक्त त्यातलं संपूर्ण काळं टाळा: काळ्यावर काळे काटे, उलट्या रंगाचा पडदा (काळ्यावर फिके आकडे), संध्याकाळी दोन्ही दिसत नाहीत.