जन्मदिवसांची प्लेलिस्ट की दिनविशेषांची?

तारखेच्या धाग्यात पॉप संगीताची प्लेलिस्ट गुंफायची म्हटली की दोन वाटा समोर येतात: त्या दिवशी जन्मलेल्या कलावंतांची गाणी निवडणे, किंवा त्या दिवशी घडलेल्या एखाद्या सांगीतिक घटनेभोवती गाणी जुळवणे.

जन्मदिवसाच्या प्लेलिस्टची खरी मौज अनपेक्षित शेजारात आहे. एल्विस प्रेस्ली (१९३५), शर्ली बॅसी (१९३७) आणि डेव्हिड बोवी (१९४७) हे तिघेही ८ जानेवारीचे. शैलीनुसार गाणी लावणाऱ्याला या तिघांना एका पंगतीत बसवण्याचे सहसा सुचणार नाही. परंतु प्रेस्ली यांची मेम्फिसच्या सन स्टुडिओतील १९५४ सालची मोजक्या वाद्यांची ध्वनिमुद्रणे, त्यानंतर भरगच्च वाद्यवृंदावर स्वार होणारा बॅसी यांचा आवाज आणि मग दर काही वर्षांनी स्वतःचे रूप पालटणारे बोवी असे ऐकत गेल्यास प्रत्येकाचे वेगळेपण अधिक ठळकपणे जाणवते. शिवाय कलावंताची संपूर्ण कारकीर्द निवडीसाठी मोकळी असते. याच मोकळिकीत धोकाही आहे, कारण जन्मतारीख संगीताविषयी काहीच सांगत नाही. निवड विचारपूर्वक केली नाही तर हाती केवळ लोकप्रिय गाण्यांची यादी उरते.

दिनविशेषाच्या प्लेलिस्टला मात्र मुळातच कथानक असते. ४ एप्रिल १९६४ च्या बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिली पाचही स्थाने बीटल्स या ब्रिटिश बँडकडे होती. ती गाणी पाचव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत लावली की पंधरा मिनिटांच्या आत त्या वेळच्या अमेरिकेतील बीटल्सचे वेड प्रत्यक्ष कानी पडते. असे ठोस दिवस वर्षात रोज सापडत नाहीत, ही या प्रकाराची मोठी मर्यादा आहे. म्हणून रोज नवी प्लेलिस्ट करणाऱ्याने जन्मदिवस निवडावेत आणि आठवड्यातून एकदाच, पण निवांत ऐकणाऱ्याने दिनविशेष निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडताळणी दोन्हीकडे अटळ आहे. जाझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग स्वतःचा जन्म ४ जुलै १९०० चा सांगत असत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख सापडली. दिनविशेषांत चूक होते ती निराळी: बिलबोर्डच्या यादीवरील तारीख एका दिवसाची नव्हे, तर आठवड्याची असते.

तरीही निर्णय होत नसेल तर ८ जानेवारीपासूनच आरंभ करावा. बोवी यांचा ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम २०१६ मध्ये त्यांच्या ६९ व्या वाढदिवशी प्रकाशित झाला आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्या तारखेला जन्मदिवस आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत, आणि त्या अल्बममधील एखादे गाणे शेवटी ठेवले तर त्यानंतर दुसरे काही लावावेसे वाटत नाही.