खाचांची वही: घेण्याआधी ‘ळ’ शोधा

जून जवळ आला की सांगलीत हरभट रोडच्या स्टेशनरी दुकानांत ‘मॅजिक’ वह्यांचे गठ्ठे पुढे येतात. जाड पानावर अक्षरांच्या खाचा, सोबत पेन, थोड्या रिफिली आणि बोटांत अडकवायची रबरी पकड. मूल खाचेतून पेन फिरवतं, काही मिनिटांत शाई उडते, पान पुन्हा कोरं. घ्यावी का? घ्या, पण पाटीच्या जोडीला. पाटीऐवजी नको.

पैसे देण्याआधी मुळाक्षरांचं पान उघडून ळ आहे का बघा. बऱ्याच संचांत हिंदी वही असते आणि तीच मराठी म्हणून खपवली जाते. तिच्यात ळ नसतो, ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श. मराठी वर्णमालेबद्दलच्या राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयातही हीच वळणं आहेत. शाळेत एक आणि घरी दुसरं असं नको. मग खाचेतून नख फिरवून बघा. खाच उथळ असेल तर वळणावर पेन बाहेर उडी मारतं आणि मूल वैतागतं.

वहीचा खरा दोष मात्र वेगळाच. खाच हाताला कुठून जायचं ते सांगते, सुरुवात कुठून करायची ते नाही. ग चा दंड खालून वर ओढला तरी पानावर अक्षर सुबकच दिसतं, त्यामुळे पालकांच्या काही लक्षात येत नाही. साध्या कागदावर आलं की तोच ग कोलमडतो. म्हणून पान नका बघू, हात बघा. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला लाल स्केचपेनने ठिपका द्या. आधी अक्षराचं अंग, मग दंड वरून खाली, शिरोरेघ सगळ्यांत शेवटी, डावीकडून उजवीकडे.

वहीचा क, ख, ग हा क्रमही सोडून द्या. पहिल्याच दिवशी क ची दोन वळणं कशाला? ग, म, भ, न आधी. मग र, स. व आला की ब आणि क आपसूक येतात. एका बैठकीला एकच अक्षर: दोन-तीनदा नुसतं बोट, तीनदा पेन, आणि लगेच तेच अक्षर पाटीवर, तळहाताएवढं मोठं, खाचेशिवाय. पाच-सात मिनिटं पुरे. दुरेघी वहीची घाई नको.

पाटी दगडी मिळाली तर उत्तम. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पेन्सिल घसरते, रेघ फिकी उमटते, मग मूल दाबून लिहायला लागतं. पेन्सिल बोटाच्या पेराएवढी तोडून द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप पुढे येतात. (तोंडात जात नाही ना, तेवढं बघा.) संचातली रबरी पकड बहुधा उजव्या हाताच्या बेताची असते, डावखुऱ्या मुलाला ती देऊच नका.

शाई उडण्याआधी त्याच पानावर पुन्हा पुन्हा गिरवलं की करडा डाग राहतो. दोन पानं आलटून पालटून वापरा. टोपण उघडं राहिलं तर पेन सुकतं. आणि हे पेन थोरल्या भावंडाच्या दप्तरात जाऊ देऊ नका, गृहपाठ गायब होईल.

चार वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीच नको. फरशीवर ओल्या बोटाने रेघोट्या, कणकेच्या वळ्या आणि मनसोक्त गिरगोटा, एवढं भरपूर.

मुलांना सगळ्यांत आधी लिहायचं असतं स्वतःचं नाव, आणि ते कुठल्याच वहीत नसतं. जाड पुठ्ठ्यावर पेन्सिलीने मोठं नाव काढा, त्यावरून फेव्हिकॉलची जाड धार सोडा आणि रात्रभर वाळू द्या. उठावाची अक्षरं तयार होतात, त्यावरून मुलाला बोट फिरवता येतं. नावात जोडाक्षर असलं तरी ते फोडून सोपं करू नका, जसं आहे तसंच काढा.