आठ महिने बॉक्सिंग, अकरा वर्षं जाहिरातीची कॉपी : वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी बॉक्सिंगचा क्लास लावला तेव्हा ऑफिसात प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, "क्लायंटवरचा राग काढायला का?" आता एवढे महिने झाल्यावर उत्तर देते. राग काढायला बॉक्सिंगचा काडीचाही उपयोग नाही. रागात मारलेला ठोसा आखूड पडतो, खांदे कानापर्यंत चढतात, श्वास अडकतो आणि दुसऱ्याच मिनिटाला हात गळून खाली येतात. मला उपयोग झाला तो निराळाच, आणि तो जाहिरातीची मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर, लिहिताना रोज जाणवतो. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

आधी सामानाबद्दल. पहिले ग्लोव्ह्ज मी ऑनलाइन मागवले, १० औंसांचे, हलके असलेले बरे असा विचार करून. दहाव्या आठवड्यात अंगठ्याजवळची शिवण उसवली. मुठीवरचा फोम तर त्याआधीच दबला होता, पंचिंग बॅगचा कडकपणा थेट बोटांच्या पेरांना लागायचा. तक्रार केली तर परत करायची मुदत संपल्याचं उत्तर आलं. मग क्लासच्या सरांना विचारून दुसरी जोडी घेतली, १६ औंसांची. एवढे जड कशाला, असं विचारल्यावर सर म्हणाले, "स्पारिंगचे ग्लोव्ह्ज आपण आपल्यासाठी घेत नाही, समोरच्यासाठी घेतो." स्पारिंग म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत. जास्त भरण असतं ते समोरच्याच्या तोंडासाठी. सहा महिने झाले, ही जोडी अजून टणक आहे. वेलक्रोची पकड थोडी सैल झालीय, एवढंच.

हातपट्ट्या ४.५ मीटरच्याच घ्या. आखूड मिळतात त्या मनगटाला दोन वेढे देईपर्यंत संपतात. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, मग पेरांवरून, मग एकेका बोटाच्या मधून, परत मनगट. दोन्ही हातांना मिळून पाचेक मिनिटं लागतात आणि एकदा बांधल्या की फोन हाताळता येत नाही. आमच्या धंद्यात सकाळी सातलाही ग्रुपवर "एक छोटासा बदल" येऊन पडलेला असतो. तो दीड तास मला दिसत नाही, आणि त्यावाचून आजवर कुठलीही जाहिरात अडलेली नाही.

ग्लोव्ह्जना वास येतो. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि गॅलरीत टांगायचे. जुलैत मी आळस केला तर आतल्या अस्तरावर बुरशी धरली. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवणं भाग आहे.

आता मुख्य मुद्दा. पहिले चार महिने फक्त दोरी, फूटवर्क, बॅग आणि पॅड. सर पॅड धरतात आणि मी मारते. "एक! एक-दोन! हात घरी!" हे "हात घरी" दिवसातून शंभरदा ऐकू येतं. ठोसा मारून झाला की हात आला त्याच वाटेने गालापाशी परत आणायचा. नवखा माणूस ठोसा चांगला बसला की तिथेच रेंगाळतो, हात कमरेपाशी येतो आणि त्या मोकळ्या जागेतून समोरचा आत शिरतो. सर पॅडनेच कानशिलावर टपली मारतात, मग लक्षात राहतं.

पाचव्या महिन्यात पहिलं स्पारिंग झालं. समोर कळव्याची एक मुलगी, एकोणीस वर्षांची, माझ्याच वजनाची. तिचा पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर बसला. दुखलं फारसं नाही. पण त्या क्षणी मी डोळे घट्ट मिटले आणि मान फिरवली. मिटल्या डोळ्यांनी पुढचे दोन ठोसे खाल्ले. ते कुठून आले ते आजही सांगता येणार नाही. फेरी संपल्यावर सर म्हणाले, "मार लागला त्याचं काही नाही. पण तू बघायचं थांबवलंस." मग दोन आठवडे एकच सराव. समोरची अगदी हळू जॅब टाकणार, मी तो गार्डवर, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांवर, घेणार, आणि डोळे उघडे ठेवून तिच्या छातीकडे बघत राहणार. हाताकडे बघायचं नाही, कारण खांदा आधी हलतो आणि तो छातीकडे बघितलं तरच दिसतो. पापणी मिटणं ही शरीराची उपजत सवय आहे, ती सांगून जात नाही. शेकडो हळू ठोसे खाल्ल्यावर जाते.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात एक प्रेझेंटेशन होतं. गिऱ्हाईक मसाल्याचं, फिल्म कांदा-लसूण मसाल्याची. मी लिहिलेली ओळ होती : "एक चमचा, आणि सासरही माहेर." मला ती फार आवडली होती. वाचून दाखवली तर खोलीत शांतता. मग क्लायंटकडचे वयाने मोठे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे सासर वाईट असतं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

याआधीची मी अशा वेळी काय करायचे ते मला पक्कं ठाऊक आहे. कान बंद. ते बोलत असताना मी मनात ओळीच्या बचावाची वाक्यं जुळवत असायचे. दिसायला त्यांच्याकडे बघतेय, पण आत डोळे मिटलेले. त्या दिवशी तसं झालं नाही. वाईट वाटलं, गाल तापले, सगळं झालं, पण मी ऐकत राहिले. त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य मला ऐकू आलं. ते त्यांनी सहज, चहाचा कप उचलता उचलता टाकलं होतं : "तसंही लहान पाऊच तर पुण्याच्या रूमवर राहणारी पोरंच जास्त नेतात."

ब्रीफमध्ये, म्हणजे काम देताना क्लायंटने दिलेल्या माहितीत, हे कुठेच नव्हतं. ब्रीफमध्ये होती पंचवीस ते पंचेचाळीस वयोगटातली गृहिणी. मी तिथेच दोन-तीन प्रश्न विचारले. कुठली पोरं? कुठून आलेली? मेसच्या आमटीत घालतात की अंड्यावर? संध्याकाळी आर्ट पार्टनरबरोबर बसले आणि ओळ झाली : "राहतो पुण्यात, जेवतो गावाकडं." चार शब्द. "गावाकडं" हवं की "गावाकडे" यावर पुढे दोन मेल झाले, पण अनुस्वार टिकला. मागची ओळ माझी होती, ही त्या पोरांची आहे. बॉक्सिंग लावलं नसतं तर मला ती सुचली नसती असं नाही. पण सुचण्याआधी जे ऐकू यावं लागतं ते ऐकू आलं नसतं.

जॅबबद्दलही सांगायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लढत जिंकतो तो मोठा ठोसा. रिंगमध्ये उतरलं की कळतं, सगळा खेळ डाव्या हाताच्या साध्या सरळ जॅबवर उभा असतो. त्याने कोणी आडवं होत नाही. त्याने अंतर कळतं, समोरचा कुठे सरकतो ते कळतं. माझे आजोबा कराडकडचे, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून आमचं गाव लांब नाही. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आजोबा जत्रेतल्या कुस्त्यांबद्दल बोलताना एक शब्द वापरायचे, खडाखडी. सलामी झाल्यावर दोन पैलवान हाताला हात लावून एकमेकांचा अंदाज घेतात ती. गर्दी ओरडत असते, पण जाणते लोक तेच नीट बघतात. हेडलाइनचं अगदी तसंच आहे. पहिल्या वीस ओळी मी आता खडाखडी म्हणून लिहिते. त्या कुणालाही सुचतील अशाच असतात. त्या लिहिल्याशिवाय वस्तू किती लांब उभी आहे ते कळत नाही. एकविसाव्या ओळीपासून हात लागतो.

वेळेचंही थोडं उचललं. तीन मिनिटं फेरी, एक मिनिट विश्रांती. बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून ही मापं चालत आली आहेत. फोनवर तीच घंटा लावून मी हेडलाइन लिहिते आणि त्या एका मिनिटात खुर्चीवरून उठते. हेडलाइनला हे छान चालतं. स्क्रिप्टला अजिबात नाही, पात्र बोलायला लागेपर्यंतच घंटा वाजते. आणि हिंदी फिल्म आधी शूट होऊन आली असेल तर मुळीच नाही. हिंदीत हललेल्या ओठांवर मराठी शब्द बसवायचे असतात. ओठ मिटले तिथे प, ब किंवा म आलाच पाहिजे, आणि तरीही ते वाक्य सोलापूरच्या बाईने बोलल्यासारखं वाटलं पाहिजे. त्याला वेळ लागतो तो लागतोच.

कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते म्हणतात. जाहिरातीतल्या उत्तम तोडी आठवून बघते तेव्हा त्यात चिडलेली एकही सापडत नाही. १९९६ च्या विश्वचषकात अधिकृत शीतपेय कोका-कोला होतं. पेप्सीने रडारड केली नाही. "नथिंग ऑफिशियल अबाउट इट" म्हणत समोरच्याचंच वजन वापरून त्याला फिरवलं. त्याआधी निरमा स्वस्तात येऊन घराघरांत शिरली तेव्हा सर्फने किंमत लपवली नाही. ललिताजींना भाजी घेताना उभं केलं आणि "सर्फ की खरीदारी में ही समझदारी है" म्हणवून घेतलं. महाग असल्याचा ठोसा सरळ गार्डवर घेतला. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात मुहम्मद अली दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे घेत राहिला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला त्याने पाडलं. त्या लढतीची चित्रफीत मी सरांच्या सांगण्यावरून बघितली. मार खाताना अलीचे डोळे बघा, पूर्ण उघडे आहेत.

उलट, मुंबईत २००७ मध्ये गाजलेलं होर्डिंगचं भांडण मला तितकंसं भावत नाही. भांडण विमान कंपन्यांचं. जेट म्हणालं आम्ही बदललो, किंगफिशरने वरच्या फलकावर लिहिलं आम्हीच त्यांना बदलायला लावलं, मग गोएअरही त्यात उतरलं. आमच्या व्यवसायात तो किस्सा अजून कौतुकाने सांगतात. पण त्या फलकांवर तिघं एकमेकांशीच बोलत होते. खालून जाणाऱ्या माणसाला विमानाबद्दल काय कळलं?

आणि इथेच या तुलनेची हद्द येते. रिंगमध्ये समोर उभी असलेली मुलगी माझ्याइतकीच तयारी करून आलेली असते, ती सगळं लक्ष मला देते. जाहिरातीत समोरचा माणूस लढायलाच आलेला नसतो. त्याचा अंगठा पाच सेकंदांनी दिसणाऱ्या स्किपच्या बटणावर असतो. क्लायंट तर प्रतिस्पर्धी नाहीच. कामाच्या चांगल्या दिवशी तो पॅड धरणारा असतो, आणि मध्येच टपली मारली तर हात कुठे खाली आला ते बघायचं असतं.

दुसरा फरक मला जास्त खुपतो. बॉक्सिंगला लोक रानटी म्हणतात, पण तिथे वजनगट आहेत. चौपन्न किलोच्या मुलीसमोर ऐंशी किलोची उभी करत नाहीत. पिचमध्ये, म्हणजे काम मिळवायच्या चढाओढीत, आठ जणांची एजन्सी आणि आठशे जणांची एजन्सी एकाच रांगेत बसवतात, तेही बहुतेक वेळा फुकट. १९८२ च्या नोव्हेंबरात लास वेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डूक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने जागतिक लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या. एक माणूस गेला आणि नियम बदलला. आम्ही मात्र सलग तिसरी रात्र जागणाऱ्या ट्रेनीला शाबासकी देतो. मी आता माझ्या टीममधल्या मुलांना दहानंतर घरी पाठवते. त्यावरून वरच्यांशी एकदा वाद झाला, पुढेही होईल. मुलांची कॉपी तपासतानाही मी १६ औंसांचे ग्लोव्ह्ज घालते. चूक दाखवायचीच, पण समोरच्याचा चेहरा शाबूत ठेवून.

ज्यांना क्लास लावायचाय त्यांच्यासाठी थोडं. पहिल्याच आठवड्यात स्पारिंगला उभं करणारा क्लास टाळा. हेडगार्डने खरचटणं आणि कापणं कमी होतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर सराव बंद करून डॉक्टर गाठायचा, "जरा सहन कर" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. पहिल्यांदा नीट बसला नाही तर पुन्हा करा, सैल माउथगार्डने श्वास घेता येत नाही. मनगट दुखत असेल तर पट्टी चुकीची बांधली जातेय. लिहिणाऱ्यांनी मनगटाला जपायलाच हवं.

फी पुढच्या सहा महिन्यांची भरली आहे. या आठवड्यापासून सरांनी जोडीदार बदलला. नवी मुलगी डावखुरी आहे, तिचा उजवा हात पुढे असतो आणि माझा जॅब तिच्या हातावरच अडकतो. सर म्हणतात, तुझा डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेव, वाट आपोआप उघडेल. अजून उघडलेली नाही. रोज रात्री भांडी आवरून झाली की ओट्यासमोरच्या फरशीच्या रेघेवर तो एक पाय बाहेर टाकायचा सराव चालू आहे.